कांद्याची पेशी

गेल्या कार्तिकातली गोष्ट. चातुर्मास संपून चार दिवस झाले होते आणि आषाढातल्या कांदेनवमीला निरोप दिलेला कांदा घरात सन्मानाने परतला होता. द्वारकेच्या आमच्या बाल्कनीत कोवळं ऊन खात मी पुण्याच्या धाकट्या भावाशी फोनवर बोलत होतो. माझं फोनवरचं बोलणं असं असतं की, ही म्हणते, फोन केला नाहीत तरी पुण्याला ऐकू जाईल. "आज वेळ नाही रे," मी सांगत होतो, "आज नातीबरोबर पेशी आहे."

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब. चेहऱ्यावर काळजी, आणि काळजीच्या मागे थोडी व्यावसायिक चमक.

"भाईसाहब, सुना आज पेशी है? किस कोर्ट में, साकेत या यहीं द्वारका? और बच्ची का क्या मामला है?"

"अजी नहीं," मी म्हटलं, "प्याज की पेशी है."

वकीलसाहेबांनी मागे वळून जिन्यात कोणी नाही ना ते पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "जमाखोरी?"

मी १९८३ साली केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून दिल्लीत आलो. इतकी वर्षं इथं काढून मला कळायला हवं होतं की हिंदीत पेशी म्हणजे कोर्टातली हजेरी. आपली पेशी ती त्यांची कोशिका. तशी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या मराठी विश्वकोशातही कोशिका जागोजागी भेटते, पण शाळेच्या बाकावर आपण शिकलो ती पेशीच. आपली ऊती, त्यांचं ऊतक. आपलं इंद्रिय, त्यांचं अंग. इथवर काही बिघडत नाही. शेजारणी वाटीभर साखर देतात-घेतात, तसा हा शब्दांचा व्यवहार. पुढच्या पायरीवर मात्र दोन्ही भाषांचे स्वभाव उघडे पडतात. चार इंद्रियं मिळून एक काम करू लागली की हिंदी त्याला म्हणते तंत्र : पाचन तंत्र, श्वसन तंत्र. आणि मराठी म्हणते संस्था : पचनसंस्था, श्वसनसंस्था, चेतासंस्था.

तंत्र हा राजधानीचा शब्द आहे. त्यात टेबलं आहेत, शिक्के आहेत, बाहेर बाकावर बसलेली माणसं आहेत. संस्था म्हटलं की मात्र घटना आली, अध्यक्ष आले, दोन उपाध्यक्ष आले, चिटणीस, खजिनदार, वार्षिक वर्गणी आणि गेल्या सभेच्या इतिवृत्तावरून होणारं भांडण आलं. लहानपणी मला खरोखरच प्रश्न पडायचा की पचनसंस्थेचं कार्यालय कुठे असेल आणि तिचा चिटणीस कोण. मराठी माणूस परगावी गेला की आधी संस्था काढतो, मग घर शोधतो. दोघे भेटले की मंडळ होतं, तिसरा आला की दुसरं मंडळ होतं. पहाडगंजचं बृहन्महाराष्ट्र भवन घ्या, नूतन मराठी शाळा घ्या. दिल्लीतल्या मराठी माणसाची शरीररचना अशी संस्थांनीच बनलेली आहे. मी राहतो तीही सहकारी गृहनिर्माण संस्था. झाडं, पाणी, किडे, माणसं असं सगळं मिळून जे होतं ती परिसंस्था. म्हणजे माझ्या पोटात संस्था, मी संस्थेत आणि संस्था परिसंस्थेत. मराठी माणसाची याहून सुखाची कल्पना नसावी.

माझ्या पचनसंस्थेचं मात्र चाळीस वर्षांच्या छोल्या-भटुऱ्यांनी तंत्र करून टाकलं आहे. फाइल आत जाते, वेगवेगळ्या स्तरांवर शेरे पडतात, पुढे काही सरकत नाही.

तर त्या दिवशीची पेशी. नात नववीत. तिचं मराठी म्हणजे मराठी क्रियापदांच्या जमिनीवर हिंदी आणि इंग्रजी नामांची वस्ती. "आबा, मला प्याजची झिल्ली निकाळून स्लाइड बनवायची आहे" हे वाक्य आमच्या घरात शुद्ध मराठी मानलं जातं. तिच्या पुस्तकात एक शिडी काढलेली होती : पेशी, ऊती, इंद्रिय, संस्था, सजीव, पुढे त्यांचे थवे आणि कळप, मग परिसंस्था आणि शेवटी सगळी पृथ्वी पांघरून बसलेलं जीवावरण. प्रत्येक पायरीवरून वरच्या पायरीकडे जाणारा एक ठळक बाण. या शिडीची पहिली पायरी प्रत्यक्ष बघायची म्हणून वाढदिवसाला मिळालेला, अंबाल्यात बनलेला सूक्ष्मदर्शक जेवणाच्या टेबलावर मांडला होता.

कांद्याचा पापुद्रा काढणं दिसतं तितकं सोपं नाही. कांद्याच्या चार फोडी करायच्या, आतली एक रसरशीत पाकळी सुटी करायची, तिच्या खोलगट बाजूला चिमटा लावायचा आणि श्वास रोखून ओढायचं. साबणाच्या फुग्याइतकं पातळ, पारदर्शक काहीतरी निघतं. ते लगेच पाण्यात सोडायचं, नाहीतर वाळून सुरकुततं. मग काचपट्टी, पाण्याचा थेंब, पापुद्रा, आयोडीनचा थेंब आणि वर पातळ झाकणकाच. ही काच एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडावी लागते. आम्ही ती पोस्टाच्या तिकिटासारखी थापली.

"आबा, दिसलं! न्यूक्लियस!" नात ओरडली. मी डोळा लावला. मधोमध एक सुबक वर्तुळ, काळी ठसठशीत कड, आत झगझगीत उजेड. इतकी देखणी गोष्ट केंद्रकच असणार असं मलाही वाटलं. मग ते केंद्रक हळूच सरकत कडेला गेलं आणि फुटलं. हवेचा बुडबुडा होता. दिल्लीत जे सगळ्यांत गोल, ठळक आणि महत्त्वाचं दिसतं ती बहुतेक वेळा हवा असते, हे मी नोकरीत शिकलो होतो. निवृत्तीनंतर विसरलो इतकंच.

दुसऱ्या खेपेला काच नीट बसली. आणि मग दिसलं ते दिसलं. वीटकाम. एकाला एक खेटून, लांबट, तिरक्या टोकांच्या विटा, रांगांमागून रांगा. प्रत्येक विटेत आयोडीनने पिवळसर तपकिरी झालेला एकच ठिपका. तो मधोमध नव्हता, भिंतीला टेकून बसला होता.

"आबा, ही तर आपली सोसायटी आहे!"

होतीच. सगळे फ्लॅट एका आकाराचे, भिंतीला भिंत, आणि प्रत्येकात कोपऱ्यात एक ज्येष्ठ नागरिक. कांद्याच्या पेशीत मधली सगळी जागा पाण्याने फुगलेली रिक्तिका अडवते आणि केंद्रक बिचारं कडेला रेटलं जातं. आमच्याही दिवाणखान्यात सोफा मधोमध असतो आणि मी वर्तमानपत्र घेऊन भिंतीकडच्या खुर्चीत. घराचा सगळा कारभार माझ्या सल्ल्याने चालतो असा माझा समज आहे. केंद्रकाच्या बाबतीत तो पुष्कळसा खरा आहे.

पेशीला पहिल्यांदा खोली म्हणणारा माणूस रॉबर्ट हूक. १६६५ साली त्याने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्याला रिकाम्या कप्प्यांची जाळी दिसली. मठातल्या साधूंच्या खोल्यांना इंग्रजीत जे नाव होतं तेच त्याने या कप्प्यांना दिलं. गंमत अशी की त्याने पाहिल्या त्या नुसत्या भिंती. आत राहणारा कधीच मरून गेलेला. आज तो इथं आला असता आणि त्याला मी यमुनेपलीकडे ग्रेटर नोएडाच्या बाजूला नेलं असतं, तर वर्षानुवर्षं ताब्याची वाट बघत उभे असलेले मनोरे पाहून त्याला अगदी घरी आल्यासारखं वाटलं असतं. भिंतीच भिंती, राहणारा कुठेच नाही.

खोलीत कोणीतरी राहतं आणि ते फक्त दुसऱ्या पेशीतूनच जन्माला येतं, हे ठामपणे सांगितलं ते दोनशे वर्षांनंतर बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्शो यांनी. त्यांचा १८५८ चा ग्रंथ रोगनिदानशास्त्राचा पाया मानला जातो. शरीर म्हणजे पेशींचं राज्य आणि प्रत्येक पेशी त्याची नागरिक, असं ते म्हणत. असा माणूस प्रयोगशाळेत थोडाच थांबतो? ते प्रशियाच्या विधिमंडळात गेले आणि बिस्मार्कच्या इतके मागे लागले की १८६५ साली बिस्मार्कने त्यांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. फिर्शो लढले नाहीत. पेशींची काळजी घेणाऱ्याने स्वतःच्या पेशी उगाच धोक्यात घालू नयेत, हे योग्यच.

"पण आबा, इथला प्रेसिडेंट कोणता?" नातीने डोळा न काढता विचारलं.

आमच्या सोसायटीत नुकतीच निवडणूक होऊन गेली होती, त्यामुळे प्रश्न ताजा होता. मी शोधलं. अध्यक्ष कुठेच दिसेना. एक पेशी दुसरीपेक्षा मोठी नाही, कुणाच्या दारावर पितळी पाटी नाही. प्रत्येकीच्या केंद्रकात कांद्याची पूर्ण घटना ठेवलेली, सोळा खंडांत, म्हणजे सोळा गुणसूत्रांवर. ही घटना आपल्या घटनेपेक्षा सुमारे पाचपट लांब आहे. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या एका संचात तीन अब्जांवर अक्षरं असतात. कांद्यात सुमारे सोळा अब्ज. पोथीच्या जाडीवरून शहाणपण ठरत नाही याला कांद्याइतका स्वस्त पुरावा नाही. यातला बराचसा मजकूर पुन्हा पुन्हा नकललेला आहे. सरकारी कागद हाताळलेल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही.

पण खरी करामत जाडीत नाही. सगळी पोथी हाताशी असताना प्रत्येक पेशी फक्त आपल्यापुरतं पान उघडते. पापुद्र्यातली पेशी पापुद्र्याचं पान वाचते, मुळातली मुळाचं. शेजारणींचं बघून आपण कुठे आहोत हे ओळखते आणि त्याप्रमाणे वागते. आमच्याही सोसायटीत उपविधींची प्रत घरोघरी आहे. फरक इतकाच की आमच्याकडे प्रत्येक जण दुसऱ्याला लागू पडणारं पान पाठ करतो.

"अहो, तुमची पेशी झाली असेल तर उरलेला कांदा इकडे द्या," स्वयंपाकघरातून हाक आली. पोहे व्हायचे होते. कांदा गेला, सुरी चालली, आणि दोन मिनिटांत आधी ही, मग नात, मग मी असे सगळे डोळे पुसू लागलो. एका भाजीने तीन पिढ्यांना एकाच वेळी रडवावं, हेही एक संघटनच म्हणायचं.

या रडण्यामागची व्यवस्था बघण्यासारखी आहे. कांद्याच्या पेशीत गंधकाची काही संयुगं असतात आणि त्यांच्यावर तुटून पडणारं एक विकर असतं. दोघं एकाच घरात, पण विकर रिक्तिकेत कोंडलेलं आणि संयुगं बाहेर पेशीद्रवात. मधे एक पातळ पडदा. तो शाबूत आहे तोवर घर शांत. सुरीने पडदा फाटला की दोघांची गाठ पडते, त्या झटापटीत दुसरं एक विकर हात धुऊन घेतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हे दुसरं विकर २००२ साली जपानी संशोधकांनी शोधून काढलं. तोवर जगभरच्या बायका कारण ठाऊक नसताना रडत होत्या. आमच्या मजल्यावर दोन कुटुंबं पार्किंगवरून एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांची लिफ्टमध्ये गाठ पडू नये म्हणून चौकीदार जी काळजी घेतो, ती पाहिली की मला पेशीतल्या त्या पडद्याबद्दल फार आदर वाटतो. एकत्र राहणं म्हणजे भिंती पाडणं असं आपण भाषणात ऐकतो. कांद्याचं मत वेगळं आहे. त्याच्या मते कुठली भिंत कुठे हवी हे नेमकं ठाऊक असणं म्हणजे एकत्र राहणं.

पोहे खाता खाता मी नातीला वडिलकीच्या सुरात म्हटलं, "कांदा सोलत गेलं ना, की शेवटी हाती काहीच उरत नाही. संसारही तसाच." हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक आजोबाला एकदा तरी म्हणावं लागतं. नातीने पुस्तक पुढे सरकवलं. "आबा, असं नाही लिहिलंय."

खरंच तसं नव्हतं. कांद्याच्या ज्या पाकळ्या आपण सोलतो ती त्याची पानं. पानांचे बुंधे अन्न साठवून फुगतात आणि एकमेकांना कवटाळून बसतात. खोडही असतं, पण ते मधे नसतं, तळाशी असतं. रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी चकती. तिच्यातूनच खाली मुळ्या फुटतात, वर पानं निघतात, आणि पुढच्या वर्षीचा अंकुर तिच्याच कुशीत असतो. सगळा कांदा त्या चकतीवर उभा. आणि आपण विळीवर बसलो की पहिला घाव कुठे घालतो? त्या बुडावर. उडवलं, कचऱ्यात टाकलं, आणि मग उरलेली पानं सोलत बसतो आणि म्हणतो, आत काही नाही! गाभा मधे शोधायची आपली सवयच वाईट. अरणच्या सावता माळ्यांना देव मळ्यातल्या भाजीपाल्यात सापडला. ते हातात खुरपं घेऊन मुळाशी बसणारे होते, ताटावर बसून तत्त्वज्ञान सांगणारे नव्हते.

आमच्या मराठी मंडळात एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. तीस गणेशोत्सव त्यांनी सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. 'सतरंज्या उचलणारा' हा मराठीत बढती न मिळालेल्या माणसाचा हुद्दा आहे. ते मुलाकडे नागपूरला गेले आणि पुढच्या भाद्रपदात आमच्या लक्षात आलं की मांडववाल्याचा नंबर, गुरुजींचा पत्ता, आरतीची झांज आणि सतरंज्यांच्या खोलीची किल्ली या चारही गोष्टी फक्त त्यांना ठाऊक होत्या. अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष होते, स्मरणिकेत पानोपानी फोटो होते. एकात एक बसलेल्या पाकळ्या सगळ्या होत्या. चकती गेली होती. त्या वर्षी गणपती उशिरा बसला आणि आम्ही फरशीवर.

कांद्याला असं चकतीवर उभं राहायला एक वर्ष लागतं. तो खरं तर दोन वर्षांचा गडी. पहिल्या वर्षी पोटाला चिमटा घेऊन साठवायचं आणि दुसऱ्या वर्षी ती सगळी पुंजी खर्चून उंच दांडा काढायचा, टोकाला पांढऱ्या फुलांचा गेंद मिरवायचा. शेतकऱ्याला हा सोहळा नको असतो. पहिल्याच वर्षी डेंगळे निघाले की तो कपाळाला हात लावतो. आपण खातो तो कांदा म्हणजे एका वनस्पतीचा भविष्य निर्वाह निधी आहे, आणि तो आपण सेवानिवृत्तीच्या आदल्या दिवशी काढून घेतो.

काढल्यावरही तो मेलेला नसतो. उन्हाळी कांदा नाशिक-नगरकडे महिनोन्महिने साठवतात त्या जागेचं नावच कांदाचाळ. जमिनीपासून उचललेली, बाजूंनी फटी ठेवलेली, आरपार वारा खेळवणारी. का, तर आत हजारो जीव श्वास घेत असतात, घाम गाळत असतात, वजनाने घटत असतात आणि संधी मिळाली की कोंब काढत असतात. हवा कोंडली की सडायला लागतात, आणि एक सडला की शेजारचा सडतो. पेशींची ऊती, ऊतींचं पान, पानांचा कांदा, आणि कांद्यांची चाळ. आमच्या पुस्तकातल्या शिडीत ही पायरी नव्हती. मी पेन्सिलने लिहिली.

मग पुढच्याही लिहाव्या लागल्या. चाळीच्या वर लासलगावची बाजार समिती. तिच्या वर हजार-बाराशे किलोमीटरचा ट्रकचा प्रवास आणि दिल्लीची आझादपूर मंडी. मंडीच्या वर आमचा रेहडीवाला. आणि त्याच्याही वर सरकार. हसू नका. १९९८ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत कांदा असा भडकला की लोक एक-एक विकत घेऊ लागले. तेव्हा आमच्या घरी पाहुण्यांना कांदाभजी केली, तर ते आमच्याकडे अत्तर लावल्यासारखे बघत होते. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्री होऊन दोन महिनेही झाले नव्हते. ७० पैकी १५ जागा भाजपला, ५२ काँग्रेसला, आणि शीला दीक्षित पुढची पंधरा वर्षं राहिल्या. कारणं आणखीही असतील, पण दिल्लीकराला विचारा, तो एकच सांगेल. ज्या पडद्यामागे ते गंधक आणि ते विकर वेगळे राहतात, तो पडदा त्या वर्षी मंत्रिमंडळाच्या बैठकीपर्यंत फाटला होता.

दिल्लीही एक कांदाच आहे. नकाशा बघा : मधे जुनी शहरं, भोवती रिंग रोड, त्याच्याभोवती बाहेरचा रिंग रोड, आणि २०१८ साली पूर्ण झालेले पूर्व-पश्चिमेचे दोन परिघमार्ग. प्रत्येक पिढीने एक पाकळी चढवली. सगळा राजधानी परिसर धरला तर तो आता सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटर भरतो. त्यात पंधरा गोवे मावतील. थेट राजस्थानातलं अलवरही त्यात येतं, जिथून हिवाळ्यात आम्हाला कांदा येतो. बाजीराव १७३७ मध्ये तालकटोऱ्यापाशी लढून परत गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी तिसऱ्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून सतरंज्या कोण उचलतंय ते बघत होतो. शहराचीही चकती तिथंच कुठेतरी असणार.

एवढं सगळं झाल्यावर नातीने शिडीकडे बोट दाखवलं. "आबा, बाण एकच तरफ का आहेत? नीचेसे ऊपर?"

मी बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं. सकाळचं कोवळं ऊन म्हणून जे मी खात होतो, ते अकरा वाजता अजूनही कोवळंच होतं. समोरचा टॉवर पिठात बुडवल्यासारखा दिसत होता. कार्तिकात इथं वारा पडतो, थंड हवा जमिनीला चिकटते, आणि पंजाब-हरियाणातल्या शेतांचा धूर, गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. कोंडलेल्या चाळीसारखं. त्यातले बारीक कण अडीच मायक्रॉनचे. रक्तातली तांबडी पेशी त्यांच्या तिप्पट रुंद. म्हणजे शेकडो मैलांवरच्या शेताचा धूर हवेत चढतो, शहरावर उतरतो, खिडकीतून घरात, नाकातून फुप्फुसात, फुप्फुसातून शेवटच्या फुग्यापर्यंत जातो आणि पेशीच्या दारावर टकटक करतो. जीवावरणापासून पेशीपर्यंत, शिडीची एकही पायरी न चुकवता. तिथल्या तांबड्या पेशींकडे तर केंद्रकही नसतं. सुमारे १२० दिवसांच्या कंत्राटावर, पोथी न बाळगता, नुसती प्राणवायूची पाकिटं पोचवत त्या फिरत असतात. गुरुग्रामच्या सिग्नलला धुरात उभी असलेली, पाठीवर खोके घेतलेली पोरं पाहिली की मला त्या आठवतात.

मी खोडरबर घेतलं नाही. प्रत्येक बाणाशेजारी उलटा बाण काढला. नात म्हणाली, असं केलं तर मार्क्स कटतील. मी म्हटलं, कटू देत. मग आजोबा असण्याची जबाबदारी आठवली आणि म्हटलं, वहीत नको, पुस्तकात असू दे.

दुपारी पसारा आवरताना ओट्यावर सकाळच्या कांद्याचं बूड सापडलं. हिने सवयीने उडवलेलं, खाली वाळक्या मुळ्यांची दाढी, वर बोटभर पाकळ्यांचे तुकडे. टाकवेना. तुळशीशेजारी एक रिकामी कुंडी होती, तिच्यात ते मातीत अर्धं दाबून ठेवलं. ही म्हणाली, "आता हे काय?" मी म्हटलं, "सतरंज्यांची किल्ली." ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे पडदा ठेवायचा हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आठव्या दिवशी त्या कापल्या बुडाच्या मधोमध हिरवं टोक दिसलं. पंधराव्या दिवशी दोन पोकळ, सरळ पाती. कांद्याला फुलावर यायला थंडी लागते, आणि ती एक गोष्ट दिल्ली कुणाला कमी पडू देत नाही. पण दांडा आला, गेंद फुलला, तरी बी धरेल याची खात्री नाही. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकून झडतात आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो; दोघांची वेळ जुळत नाही म्हणून मधमाशी लागते. म्हणजे आता आमच्या तिसऱ्या मजल्यावर मधमाशी आली पाहिजे, आणि ती यायची तर खाली सोसायटीच्या बागेत काहीतरी फुललेलं पाहिजे. पुढच्या सभेत मी तसा ठराव मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.

परवा जिन्यात वकीलसाहेब भेटले. मफलर गुंडाळलेला, काखेत फाइल.

"भाईसाहब, वो प्याज वाली पेशी का क्या हुआ?"

"चल रही है," मी म्हटलं. "अगली तारीख फागुन की मिली है."

त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "जल्दी मिल गई," म्हणाले.